‘दुकानात बसत होतो’

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली गेली. ऐकवणाऱ्यांची शेती बहुधा खंडाने लावलेली असे आणि नोकरीचा त्यांना अनुभव नसे, हा भाग वेगळा. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन १९८३ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू झालो, तेव्हा आजोबांनी पेढीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘नातू सरकारी पेढीवर असतो’ असे सांगितले. ‘नोकरीला लागला’ हे शब्द त्यांच्या तोंडून अखेरपर्यंत निघाले नाहीत.

आज स्थिती पालटली आहे. एका दुकानाच्या उत्पन्नावर तीन भावांची घरे चालत नाहीत. वाटण्या झाल्या की गाळ्याची रुंदी कमी होते, पण मुलांच्या शिक्षणाचा खर्च कमी होत नाही. आपल्या समाजातील मुले-मुली आता मोठ्या संख्येने नोकरीकडे वळत आहेत, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. अडचण एवढीच की नोकरी शोधणे हीदेखील एक विद्या आहे आणि ती आपल्या घरांत कुणी कुणाला शिकवलेली नाही. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरातील मूल मुलाखत, अर्ज, बढती हे शब्द जेवताना ऐकत मोठे होते. आपल्या मुलांनी भाव, तेजी-मंदी आणि वसुली ऐकलेली असते.

माझ्या मावसबहिणीची मुलगी पुण्यात गेली अकरा वर्षे नोकरभरतीचे काम करते. कंपन्या तिला सांगतात, ‘अमुक जागेसाठी माणूस हवा,’ आणि ती अर्ज चाळून, उमेदवारांशी बोलून चार-पाच जण कंपनीपुढे उभे करते. एकदा मी तिला विचारले, ‘तू उमेदवारांसाठी काम करतेस म्हणजे पुण्याचेच काम आहे.’ ती हसून म्हणाली, ‘मामा, मी खरेदीदाराची अडत्या आहे. माझी अडत कंपनी देते.’ हे उत्तर ऐकून मला तिचा सारा व्यवसाय एका क्षणात समजला, आणि वाचकांनाही समजेल. निवड झालेल्या माणसाच्या वार्षिक पगाराचा ठरावीक हिस्सा कंपनी अशा संस्थेला देते. एक महिन्याचा पगार, म्हणजे ८.३३ टक्के, हा दर बराच रूढ आहे. उमेदवाराने एक रुपयाही द्यायचा नसतो.

येथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण बँकेत असताना तिचे परिणाम मी पाहिले आहेत. ‘नोंदणी शुल्क’, ‘लॅपटॉपची अनामत’, ‘प्रशिक्षणाचे पैसे, पहिल्या पगारात परत’ अशा नावांनी जो पैसे मागतो, तो भरती करणारा नव्हेच. शाखेत असे पालक येत आणि ‘पाठवलेले पैसे थांबवता येतील का’ म्हणून विचारीत. बहुतेक वेळा पैसे तोवर तीन खात्यांतून फिरून गेलेले असत. अशा प्रसंगी १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीला अर्थ असतो. नियुक्तीपत्र कितीही झगमगीत असले तरी पैसे मागितले की बोलणे तेथेच थांबवावे.

आता मूळ विषयाकडे वळतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ही भाची सांगलीला आमच्याकडे आली होती. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मार्केट यार्डात हळदीची अडत आणि थोडा स्वतःचा व्यापार करतात. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा थोरला मुलगा बी.कॉम. झाल्यापासून चार वर्षे वडिलांबरोबर होता. त्याच वर्षी चुलत्यांशी वाटणी झाली आणि धाकट्यासाठी दुकान ठेवून थोरल्याने नोकरी पाहावी असे घरात ठरले. भाची आली आहे हे कळल्यावर अण्णा मुलाला घेऊन संध्याकाळी आमच्याकडे आले.

मुलाने चार पानांचा अर्ज आणला होता. भाचीने तो वाचला आणि माझ्या हाती दिला. वाचून मला हसू आवरेना. तो अर्ज नव्हताच, ते विवाहासाठीचे परिचयपत्रक होते. जन्मतारीख, जन्मवेळ नव्हती एवढेच. बाकी उंची, वडिलांचे नाव, आजोळ, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता, छंद क्रिकेट व संगीत ऐकणे, आणि उजव्या कोपऱ्यात कोट घातलेले छायाचित्र. (आपल्या मासिकांतील परिचयपत्रके मीही आवडीने वाचतो, पण तो प्रांत वेगळा.) शिक्षण दहावीपासून तपशीलवार होते. बी.कॉम. नंतर मात्र कोरी जागा होती आणि खाली सही.

भाचीने विचारले, ‘ही चार वर्षे कुठे गेली?’

‘काही नाही ताई, दुकानात बसत होतो.’

‘बसून काय करत होतास?’

मुलगा गोंधळला. अण्णांनी उत्तर दिले, ‘सगळंच बघतो की तो. पण ते घरचं काम, त्याचं काय लिहायचं?’

यानंतर जवळजवळ दीड तास तिने त्याला प्रश्न विचारले. मी आयुष्यभर मुलाखती दिल्या आणि घेतल्या, पण माणसाच्या तोंडून त्याचेच काम इतक्या चिकाटीने काढून घेणारे दुसरे कुणी पाहिले नाही. सकाळी सौद्याला कोण उभे राहते? राजापुरी आणि सेलममधला फरक कसा सांगतोस? शीतगृहातील पोत्यांची नोंद कोण ठेवते? जीएसटीचे विवरणपत्र सल्लागाराकडे जाण्यापूर्वी खरेदीच्या बिलांचा मेळ कोण घालते? पन्नास हजारांवरच्या मालाचे ई-वे बिल कोण काढते? गाडी वाटेत अडली तर फोन कुणाला येतो? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘मी’ असे होते, आणि प्रत्येक वेळी तो ते अपराधी स्वरात सांगत होता.

मग वसुलीचा विषय निघाला. बाहेरगावच्या खरेदीदारांकडे पैसे अडकत, म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी एक पद्धत सुरू केली होती. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक पेढीला व्हॉट्सॅपवर खातेउतारा पाठवायचा. मालकाला फोन करायचा नाही, त्यांच्या हिशेबनिसाला करायचा. मालक ‘बघतो’ म्हणतो, हिशेबनीस तारीख सांगतो. तीस दिवसांत पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्यायची. ‘मग पैसे लवकर येऊ लागले,’ तो म्हणाला.

‘किती लवकर?’ भाचीने विचारले. त्याला सांगता येईना.

हे काम माझ्या परिचयाचे होते. कॅश क्रेडिटच्या प्रस्तावात आम्ही हेच गणित मांडत असू. वर्षाअखेरीची येणे बाकी भागिले वर्षाची उधार विक्री, गुणिले ३६५; म्हणजे पैसे सरासरी किती दिवसांनी हाती येतात ते कळते. मुलाने मोबाइलवर टॅलीचे आकडे काढले. ते आकडे मी येथे बदलून देतो, पण प्रमाण तेच ठेवतो. उधार विक्री ७ कोटी ३० लाख धरा. आधीच्या वर्षी येणे बाकी १ कोटी ६० लाख, म्हणजे ८० दिवस. दोन वर्षांनी, विक्री तेवढीच असताना, येणे १ कोटी १० लाख, म्हणजे ५५ दिवस. पंचवीस दिवस वाचले आणि पन्नास लाखांचे भांडवल मोकळे झाले. बँकेचे व्याज दहा टक्के धरले तरी वर्षाला पाच लाख रुपये.

अण्णा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. ‘हे मला ठाऊक नव्हतं,’ एवढेच ते म्हणाले. कौतुक करण्याची आपल्याकडे रीत नाही. पण चहाचा कप त्यांनी मुलापुढे स्वतःच्या हाताने सरकवला.

भाचीने त्याच रात्री अर्ज एका पानावर आणला. छायाचित्र, उंची, आजोळ, छंद सारे गेले. वर नाव, फोन, ईमेल. त्याखाली पहिल्याच ओळीत वसुलीचे काम: किती खाती, आधी किती दिवस, नंतर किती दिवस, काय करून. मग विवरणपत्रांचा मेळ, साठ्याची नोंद, टॅली. शिक्षण शेवटी. तिने दोन कारणे दिली. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आधी संगणक वाचतो. चौकटी, रंगीत पट्ट्या आणि चित्रे त्याला नीट वाचता येतीलच असे नाही, म्हणून अर्ज साधा असावा. आणि जाहिरातीत कामाला जो शब्द वापरला असेल तोच, आपण ते काम खरोखर केले असेल तर, अर्जात वापरावा. त्यानंतर अर्ज माणसाच्या हाती येतो, आणि त्या माणसापुढे दुपारपर्यंत शंभर अर्ज असतात. वरच्या तृतीयांश पानात काम दिसले नाही तर तो खाली जात नाही.

आकडा लिहावा, पण मुलाखतीत त्याचा उगम सांगता येईल असाच लिहावा, हेही तिने बजावले. अनुभवाच्या तारखा फुगवणाऱ्यांची आता पंचाईत होते. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला एकच कायम क्रमांक मिळतो आणि त्याखाली कुठल्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होतो हे दिसते. पडताळणी करणारे ते मागून घेतात.

अण्णांची खरी अडचण मात्र अर्जाची नव्हती. ती त्यांनी निघताना, चपला घालता घालता सांगितली. ‘हे गुपचूप करायला हवं. पोरगा नोकरी बघतोय असं यार्डात कळलं तर लोक म्हणतील, पेढी बसली. शेतकरी पोती दुसऱ्याच्या दारात उतरवतील.’

बँकेत इतकी वर्षे काढल्यामुळे मला ही भीती पोकळ वाटत नाही. अडत्याची खरी मालमत्ता त्याची पत असते, आणि पत म्हणजे लोक आपल्याविषयी काय बोलतात तेच. एखाद्या पेढीवर अफवा उठली की देणेकरी एकाच आठवड्यात येतात आणि चांगली पेढीही हलते, हे मी पाहिलेले आहे. घरातील मुलाच्या नोकरीची किंमत घराच्या पतीने मोजावी लागेल काय, असा तो प्रश्न होता. वरवर पाहता हास्यास्पद, पण व्यापारी माणसाची झोप उडवणारा.

भाचीचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. गुपचूप शोधलेली नोकरी सापडत नाही. ज्यांना ठाऊक नाही ते सांगणार कसे? संकेतस्थळांवर दिसणाऱ्या जागांखेरीज कितीतरी जागा कुणीतरी कुणाला सुचवल्यामुळे भरल्या जातात, हा तिचा रोजचा अनुभव. याला आधारही आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन या शहरातील नोकरदारांना ‘तुम्हाला ही नोकरी कशी कळली’ असे विचारले होते. त्यांचा गाजलेला निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांची ती ओळख वारंवार भेटीची होती असे लोक सुमारे १७ टक्केच निघाले. निम्म्याहून अधिकांची ओळख अधूनमधून भेटणाऱ्याची होती आणि सुमारे २८ टक्क्यांची क्वचित भेटणाऱ्याची. कारण उघड आहे. मामा, काका, मेहुणे यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. दूरच्या माणसाकडे दूरची बातमी असते.

आपल्या समाजात जवळची नाती इतकी दाट आहेत की दूरच्या ओळखींकडे आपले लक्षच जात नाही. लग्नात चारशे माणसे भेटतात, पण त्या चारशे जणांचे धंदे चारच असतात.

दोन्ही बाजूंचा मेळ मग असा घातला. यार्डात कुणाला सांगायचे नाही. ज्यांचा यार्डातील पतीशी संबंध नाही अशांना मात्र मोकळेपणाने सांगायचे. मुलाने रात्री बसून यादी केली. जीएसटीचे काम करणाऱ्या सल्लागाराच्या कार्यालयातील सहायक, वाहतूक कंपनीचा पुण्याचा व्यवस्थापक, टॅली दुरुस्त करायला येणारा मुलगा, महाविद्यालयातील दोन प्राध्यापक, आणि एका मसाला कंपनीचा खरेदी अधिकारी, जो वर्षातून तीन-चारदा नमुने घ्यायला येत असे. भाचीने सांगितले, ‘यांच्याकडे नोकरी मागू नकोस. मी असे असे काम करतो, अशा कामाच्या जागा कुठे असतात, एवढेच विचार. नोकरी मागितली की माणूस अवघडतो. माहिती विचारली की बोलतो.’ हा सल्ला मला फार आवडला. उधारी मागायला गेलेल्या अनुभवी व्यापाऱ्याचे बोलणेही असेच सुरू होते.

मुलाखतीविषयी आमच्या दोघांचे थोडे मतभेद झाले, तेही सांगतो. कोणत्याही प्रश्नाला आधी परिस्थिती, मग आपल्यावरची जबाबदारी, मग आपण केलेली कृती आणि शेवटी परिणाम, अशा चार पायऱ्यांनी उत्तर द्यावे असे ती शिकवते. पद्धत चांगली आहे. परंतु पाठ केलेले उत्तर कसे ऐकू येते ते मला ठाऊक आहे. आमच्या काळी बँकांची भरती बँकिंग सेवा भरती मंडळांमार्फत होई. ती मंडळे २००१ मध्ये बंद झाली. २०११ पासून आयबीपीएसची सामाईक परीक्षा आली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अधिकारीपदाच्या मुलाखतींसाठी मला मंडळावर बसावे लागले. (लिपिकांच्या मुलाखती २०१६ पासून बंदच झाल्या. अधिकाऱ्यांच्या राहिल्या, अंतिम यादीत लेखी परीक्षा आणि मुलाखत यांचे प्रमाण ८० व २० असे धरतात.) दिवसभरात एकामागून एक मुले येत. तोच फिका निळा सदरा, तेच ‘गुड मॉर्निंग’. ‘तुमचा दोष कोणता?’ असे विचारले की ‘मला प्रत्येक काम अगदी परिपूर्ण व्हावे असे वाटते, हाच माझा दोष.’ दुपारपर्यंत हे उत्तर पाचव्यांदा ऐकल्यावर माझ्या शेजारचे सदस्य पाण्याचा पेला उचलीत. हा प्रश्नच निरर्थक आहे असे माझे मत आहे आणि मी तो कधी विचारला नाही. ‘मला माहीत नाही, सर’ असे स्वच्छ सांगून थांबणारा उमेदवार आला की मंडळावरचे सारे सावरून बसत. त्याने पुढे सांगितलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवता येतो.

माझ्या स्वतःच्या मुलाखतीत, १९८३ साली, एका वयस्क सदस्यांनी अर्जावरचे आडनाव पाहून विचारले, ‘घरी पेढी आहे का?’ हो म्हटल्यावर त्यांनी दर्शनी आणि मुदती हुंडीतला फरक विचारला. तो पुस्तकात होताच. पण नंतर त्यांनी शहाजोग हुंडीविषयी विचारले, तेव्हा मी आजोबांच्या पेढीवर पाहिलेले सांगितले: शहा म्हणजे बाजारात पत असलेला, माहितीचा माणूस, आणि ही हुंडी अशाच माणसाला पैसे देऊन फेडायची असते. १८८१ चा परक्राम्य संलेख कायदाही देशी भाषांतील अशा कागदांबाबत स्थानिक रूढीला जागा ठेवतो, हे एम.कॉम.ला शिकलो होतो, तेही जोडले. पुढची दहा मिनिटे ते सद्गृहस्थ मला आजोबांच्या पेढीविषयीच विचारत राहिले. म्हणून या मुलाला मी सांगितले की पुस्तकातले सगळ्यांनाच येते, यार्डातले तुलाच येते.

व्यापारी घरातील उमेदवाराला एक प्रश्न हमखास येतो, आणि तो खरा अवघड असतो. ‘घरचा धंदा असताना नोकरी कशाला? उद्या सोडून परत दुकानात जाल.’ हा मुलगा पहिल्या मुलाखतीत येथेच अडखळला. ‘सध्यापुरते बघतो आहे,’ असे तो म्हणाला, आणि मुलाखत संपली. आपल्याकडे ‘सध्यापुरते’ हा नम्रतेचा शब्द आहे. समोरच्याला तो टांगती तलवार वाटतो. भाचीने त्याला फोनवर सांगितले, ‘जे खरे आहे ते तीन वाक्यांत सांग. घरातली भांडणे सांगू नकोस, जन्मभर राहीन असेही म्हणू नकोस.’ मग त्याने उत्तर ठरवले: दुकान वडील आणि धाकटा भाऊ पाहतात, दोघांना पुरेल एवढेच काम तेथे आहे, येणी आणि वसुलीचे काम मला येते आणि आवडते, ते शेकडो खात्यांवर कसे चालते हे मला शिकायचे आहे, आणि त्याला काही वर्षे लागतील हे मी धरून चाललो आहे. यात एकही शब्द खोटा नव्हता.

पालकांविषयी तिची एक तक्रार आहे, ती जशीच्या तशी पोचवतो. मुलाखतीनंतर वडिलांचा फोन येतो: ‘मॅडम, जरा पगाराचं बघा, आपलीच माणसं आहेत.’ सोयरीक आणि सौदा वडीलधाऱ्यांनी ठरवायचा ही आपली रीत. कंपनी मात्र त्यातून असा अर्थ काढते की हा मुलगा उद्या ग्राहकाशीही स्वतः बोलणार नाही. मुलाखतीच्या जागी सोडायला जावे, पण दारापाशी थांबू नये.

पगाराच्या बोलण्यात आपली मुले घासाघीस चांगली करतील असे मला वाटले होते. उलट ती फार लवकर ‘चालेल’ म्हणतात, असे भाची सांगते; कदाचित मागण्याचीच लाज. कंपनीने पगाराची वरची-खालची मर्यादा आधीच ठरवलेली असते. त्या मर्यादेत एकदा, कारण देऊन, नीट बोलावे आणि नंतर थांबावे. सांगितलेला वार्षिक आकडा आणि हाती येणारी रक्कम वेगळी असते हेही पाहावे. त्या आकड्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद (मूळ पगाराच्या साधारण ४.८१ टक्के), विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम असे सारे धरलेले असते. ठोक भावातून हमाली, तोलाई आणि तूट वजा करायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. येथेही तसेच कागद घेऊन बसावे.

या प्रकरणात जी गोष्ट मला सर्वांत बोचली ती शेवटी सांगतो, कारण ती दुरुस्त करणे आपल्या हाती आहे. निवड ठरत आल्यावर कंपनीने मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागितल्या. मुलाकडे एकही नव्हती. चार वर्षे काम केले, पन्नास लाख मोकळे केले, पण त्याच्या नावे कधी पगार पडला नव्हता. लागतील तसे पैसे गल्ल्यातून. कंपनीने सल्लागाराचे पत्र आणि टॅलीतील नोंदी पाहून भागवून घेतले, तरी पगार नव्या उमेदवाराच्या पातळीवरच धरला गेला.

घरातील जे कोणी दुकानात काम करतात त्यांना ठरावीक पगार बँक खात्यात द्यावा, महिन्याची पावती करावी, जमल्यास कामाचे नाव लिहिलेले नेमणूकपत्रही द्यावे. नातेवाइकाला दिलेला पगार कामाच्या मानाने वाजवी असेल तर आयकरात तो खर्च म्हणून धरता येतो. अवाजवी असेल तेवढा भाग नाकारला जातो. आपल्या सल्लागाराला विचारून हे येत्या एक एप्रिलपासून सुरू करता येईल. मुलांपेक्षाही मुलींचा आणि सुनांचा विचार येथे अधिक व्हावा. दहा-दहा वर्षे पेढीचे हिशेब लिहिणाऱ्या सुना मी शाखेत पाहिल्या आहेत. धनादेशाच्या पाठी कुणाची सही राहिली हे त्या काउंटरवरूनच सांगत. कर्जाच्या अर्जावर मात्र त्यांच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलेले असे, आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. घरावर वेळ आली, पती अंथरुणाला खिळला आणि तिला नोकरी पाहावी लागली, तर तिच्या हाती दाखवायला एक कागद नसतो.

मुलाला नोकरी लागली ती मसाला कंपनीच्या त्या खरेदी अधिकाऱ्यामुळे. त्याने आपल्या कंपनीत नव्हे, पुण्याच्या त्यांच्या एका वितरकाकडे वसुली विभागात जागा आहे असे कळवले होते. एक्सेलमधली पिव्होट टेबले त्याला येत नव्हती, ती त्याने तीन आठवड्यांत शिकून घेतली. जूनमध्ये तो रुजू झाला. अण्णांनी यार्डात आठवडाभर काही सांगितले नाही. मग एका सकाळी सौदा आटोपल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला, ‘थोरला पुण्यात एका पेढीची वसुली बघतो,’ म्हणाले. शेतकऱ्यांनी पोती दुसरीकडे उतरवली नाहीत. दोघांनी मात्र आपल्या मुलांचे अर्ज अण्णांकडे आणून दिले, आणि ते अण्णांनी माझ्याकडे पाठवले. एकावर उंची होती.